ज्योतीतले हायड्रोकार्बन: नळी की लेझर?

काजळी धरण्याआधी ज्योतीत बेंझिनसारखी वलयं जुळून नॅफ्थलीन, पायरीन असे हायड्रोकार्बन रेणू घडतात. ते कोणते, हे नावानिशी हवं असेल तर क्वार्ट्झच्या बारीक नळीने वायू ओढून गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या तंत्राला, द्यावा. पण नळीने ज्योत विस्कटते, वर काजळीने तोंड बुजतं.

ते कुठे घडतात, हे पाहायला मी प्रतिदीप्तीच, म्हणजे प्रकाश शोषून रेणूंनी परत सोडलेला उजेडच, निवडेन. ज्योतीला हात न लावता २६६ नॅनोमीटरचा अतिनील लेझर सोडला, की रेणू उजळतात. साधारणपणे रेणू जितका मोठा, तितका उजेड लाल रंगाकडे सरकतो. लेझरचा पातळ पडदा केला तर चक्क चित्रच मिळतं! मात्र एवढ्या उष्णतेत वेगवेगळ्या रेणूंचे वर्णपट एकमेकांत मिसळतात. शिवाय रेणूंच्या आपसांतल्या टकरांमुळे उजेड विझतो, त्यामुळे प्रमाण काढताना घाम फुटतो.