पैसे बायपोलरचे, बसवला साधा गोळा

घरात म्हातारं माणूस असेल तर वाचून ठेवा. आई 78 वर्षांची, आम्ही जुळे सोलापूरला राहतो, मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. हाडाची मान मोडून सरकली होती, या वयात तिथं स्क्रू मारून भरवसा नसतो म्हणून मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून कृत्रिम बसवायचा, हे डॉक्टरांचं बरोबरच होतं. मान शाबूत आणि त्याच्या खाली मोडलं असेल तर हाड जोडायला डीएचएस प्लेट (बाहेरून पट्टी) नाहीतर पीएफएन रॉड (हाडाच्या आत दांडा) घालतात, तो प्रकार वेगळा.

खरी गंमत पुढं. आधी टोटल हिप करा म्हणाले, वाटीसकट सगळा सांधा नवा. आई काठीवर घरातल्या घरात फिरणारी, तिला ते कशाला? मग नुसता गोळाच बदलायचा तर "इम्पोर्टेड बायपोलर (गोळ्यात गोळा असलेला) घ्या, 65 हजार, तासाभरात सांगा, उशीर झाला तर धोका." आम्ही हो म्हणालो. आता एक-दोन दिवसात ऑपरेशन व्हावं हे खरंच आहे हो, म्हातारं माणूस पडून राहिलं की न्यूमोनिया, बेडसोअर सगळं मागं लागतं, पण याच घाईचा हे लोक फायदा घेतात बघा.

पुतणीची मैत्रीण ऑर्थोची रेसिडेंट आहे, म्हणजे हाडांची डॉक्टर व्हायला शिकतेय, ती घरी आलेली, ऑपरेशननंतरचा एक्सरे खिडकीपाशी उजेडात धरून म्हणाली, काका हा बायपोलर नाही ओ. बायपोलरमध्ये मोठ्या गोळ्याच्या आत छोटा गोळा फिरतो, मधे प्लास्टिक असतं, ते एक्सरेत कळतं. इथं दांड्यावर सरळ एकच भरीव गोळा, त्याला ऑस्टिन मूर म्हणतात, बायपोलरपेक्षा कितीतरी स्वस्त. फाईल उघडली तर इम्प्लांटच्या बॉक्सवरचे स्टिकर, ज्यावर कंपनी, साईज, लॉट नंबर असतो, ते एकही नाही! बिलावर फक्त "इम्प्लांट 65,000".

तिचं म्हणणं, एवढ्या वयात दोन्हीत चालण्या-फिरण्यात फार फरक पडत नाही, आणि आई चालतेय पण. म्हणजे साधाच सांगितला असता तरी आम्ही हो म्हणालो असतो की! विचारायला गेलो तर म्हणे स्टिकर गहाळ झाले, वर 15 हजार कॅश देऊन मिटवायला बघत होते. घेतले नाहीत.

ऑपरेशनआधी इम्प्लांटचं नाव आणि कंपनी लेखी घ्या, डिस्चार्जआधी फाईलमधले स्टिकर बघा, त्यांचा फोटो काढा. रेकॉर्ड मागितलं की 72 तासात द्यावं लागतं, अर्जाची पोच घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला 2 वर्षांची मुदत असते, आमचे कागद वकिलाकडं दिलेत.