पॅरिसमध्ये ‘चांगल्या वस्तीत’ घर शोधताय? माझे ८६,४१२ रुपये कसे गेले ते वाचा

मारे या मध्यवर्ती भागातच राहा, १८व्या-१९व्या वॉर्डात नको, गार द्यू नॉर रेल्वे स्टेशनजवळ तर नाहीच नाही. जाऊन आलेला प्रत्येक जण हेच सांगत होता. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मारेतल्या सां-पॉल स्टेशनहून १ नंबरची मेट्रो थेट लूव्र संग्रहालयाला जाते, म्हणून आम्हीही मारेच धरून बसलो. अशा हट्टी गिऱ्हाइकाचीच खोट्या जाहिराती देणारे भामटे वाट बघत असतात.

दोन खोल्या, पाच रात्रींचे ६४० युरो, वर डिपॉझिट ३००. मालकीणबाई घरं भाड्याने देणाऱ्या साइटवरून व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या, मग बँक ट्रान्सफर. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. मे २०२४ मध्ये शुल्कासकट ८६,४१२ रुपये गेले.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. तेव्हा पॅरिसमध्ये पर्यटकांना द्यायच्या घराला पालिकेचा १३ अंक-अक्षरांचा नोंदणी क्रमांक लागायचा. जाहिरातीत तो होता! पहिले पाच आकडे वॉर्ड सांगायचे, आमचं घर म्हणे मारेतल्या चौथ्या वॉर्डात, त्याचे ७५१०४. आमच्या जाहिरातीत ७५११८, म्हणजे १८वा. ज्या वॉर्डाला नाकं मुरडली, तिथल्याच कुणाचा तरी नंबर ढापलेला. त्याच्याखाली बोटभर अंतरावर पत्ता, पिनकोड ७५००४. त्या जाहिरातीची प्रिंट मी स्वतः व्हिसाच्या फाइलला जोडली. पण पुण्यात बसून हे कोण ताडून बघतं हो? आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकसुद्धा फ्रान्सचा ‘एफआर’ नाही, लिथुआनियाचा ‘एलटी’. बँकेतल्या बाईंनी निमूट शिक्का मारला. रोज हेच काम करणाऱ्यांना दिसलं नाही, ते मला दिसायला हवं होतं म्हणे!

पॅरिसला त्या पत्त्यावर पोचलो, तर दारावरचा कोड लागेना. आतून आलेल्या आजोबांनी आमच्या बॅगा बघूनच मान हलवली. आम्ही पहिले नव्हतो. शेवटी खोली मिळाली गार द्यू नॉरपाशी, रात्रीचे १५८ युरो. (शेजारी ला शापेलला तमिळ लोकांची दुकानं, गरम इडली. वस्तीला उगाच बदनाम केलंय.)

तिथले पोलीस म्हणाले, पैसे भारतातून गेले, तिकडे जा. इकडचे म्हणतात, गुन्हा फ्रान्समध्ये घडला. साइटवाले म्हणतात, व्यवहार आमच्याबाहेरचा. बँक म्हणते, सही तुमचीच. मग जायचं कुठे, दूतावासाच्या पायरीवर बसायचं? अर्ज सगळ्यांना हवा, तोही दोन प्रतींत. पोच मात्र कुणी देत नाही.

फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच मिनिटाला फोन लावा, सकाळची वाट बघू नका. पैसे साइटवरच, कार्डानेच. डिपॉझिट ट्रान्सफरने मागितलं की बोलणं बंद.

पैसे परत मागवण्याच्या विनंतीचे म्हणून बँकेने आणखी १,१८० रुपये कापले आणि उत्तर अजून दिलेलं नाही. ते १,१८० तरी मी वसूल करणारच.