हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी : अकरा महिने वापरल्यानंतर

आईच्या खोलीतला जुना एसी बारा वर्षं चालला. दोन टनांचा, फिक्स्ड स्पीडचा (कंप्रेसर एकाच वेगाने चालणारा), आर-२२ गॅसचा. थंडीसाठी वेगळा कॉइलचा हीटर होता. तो पायाशी ठेवला की आईचे गुडघे भाजायचे आणि पाठ मात्र गारच राहायची. दोन्ही कामं एकाच यंत्राने व्हावीत म्हणून दीड टनांचा, आर-३२ गॅसचा हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कंप्रेसरचा वेग बदलणारा) घेतला. दोन महिन्यांनी हा अनुभव लिहिला असता तर हा एसी घेऊच नका असं लिहिलं असतं. आज तसं लिहिणार नाही, आणि त्याचं कारण बऱ्यापैकी फिटिंगमध्ये आहे.

दोन टनांवरून दीड टनावर आलो, यावर घरात वाद झाला. टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीबाहेर काढायची ताकद. जुना एसी त्या खोलीला मोठाच पडत होता. पाच-सात मिनिटांत खोली गार करून कंप्रेसर बंद व्हायचा आणि दमटपणा होता तिथेच. अंगाला गारवा लागायचा, पण चादर ओलसर. हवेतलं पाणी काढायचं तर आतलं कॉइल बराच वेळ सलग गार राहावं लागतं, आणि तो वेळच त्याला मिळत नव्हता. नवा एसी यायच्या आधी दाराखालची फट बुजवली, खिडकीची कडक झालेली रबरं बदलली, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला. त्यानंतर दीड टन पुरेसा पडला. एसी बदलणार असाल तर हे काम आधी करा.

आता फिटिंगची गोष्ट. संध्याकाळी उशिरा दोन मुलं आली, तासाभरात पाइप जोडून मोकळी झाली. पाइपातली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप आणलाच नव्हता. आउटडोअरचा, म्हणजे बाहेरच्या युनिटचा, व्हॉल्व्ह जरासा उघडून आतल्या गॅसनेच पाइपातली हवा बाहेर ढकलली आणि ‘झालं, ताई’ म्हणून गेली. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. अशा पद्धतीने हवा आणि ओल पूर्ण निघत नाही. राहिलेल्या हवेने प्रेशर वाढतं, आणि या गॅसबरोबर वापरलं जाणारं कंप्रेसरचं तेल ओल पटकन शोषून घेतं. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कंप्रेसरलाच खातं.

सातव्या आठवड्यात गारवा कमी झाला. झाकण उघडून पाहिलं तर आतल्या कॉइलच्या एका बाजूला पांढरा बर्फ, दुसरी बाजू कोरडी. सर्व्हिसवाला आला. ‘गॅस संपलाय ताई, भरून देतो.’ भरला. तीन आठवड्यांनी पहिले पाढे पंचावन्न.

मग ओळखीतून एक वयस्कर मेकॅनिक मिळाले. ते आल्या आल्या म्हणाले, ‘गॅस काय पेट्रोल आहे का संपायला? कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय.’ आउटडोअरच्या जाड पाइपच्या फ्लेअर नटखाली (पाइपाचं पसरवलेलं टोक, म्हणजे फ्लेअर, आवळून धरणारा नट) धूळ तेलकट होऊन चिकटली होती. त्यांनी साबणाचा फेस लावला आणि आम्ही दोघं बघत बसलो. पाऊण मिनिटाने मोहरीएवढा एक बुडबुडा आला, मोठा झाला, फुटला. तिथेच दुसरा आला. इतक्या बारीक जागेतून आमचे दोन महिने वाया गेले होते.

त्यांनी उरलेला गॅस काढून घेतला, पाइपाचं टोक कापून फ्लेअर नव्याने केलं आणि नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आवळला. गळती उरली का ते बघायला नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला. सकाळी प्रेशरचा काटा हलला नव्हता. मग पाऊण तास व्हॅक्यूम, मीटरवर ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं एकक) खाली. पंप बंद करूनही आकडा चढतो का, ते पाहिलं. गॅस मात्र प्रेशर पाहून भरला नाही. आउटडोअरच्या पाटीवर जितके ग्रॅम लिहिलेत तितके वजनकाट्यावर मोजून भरला. इन्व्हर्टरमध्ये कंप्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे प्रेशरही बदलत राहतं. नुसत्या गेजवर अंदाज बांधला तर तो चुकतो.

त्या दिवसापासून हे मशीन वेगळंच आहे. २६ वर लावलं की पहिली वीस मिनिटं जोरात चालतं, मग कंप्रेसर हळू होतो आणि रात्रभर हळूच चालत राहतो. आवाज इतका कमी की घड्याळाची टिकटिक ऐकू येते. चादर कोरडी. मीटर बघायची मला सवय आहे : जुना एसी रात्रीत दहाएक युनिट घ्यायचा, हा चार ते पाच घेतो.

थंडीत हीटिंगवर आईचं समाधान झालं, पण काही गोष्टी आधी माहीत असायला हव्या होत्या. हीट पंप, म्हणजे हीटिंगवर चालणारा हाच एसी, उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली आत आणतो. म्हणून बेताच्या थंडीत एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी ऊब मिळते. बाहेर गारठा वाढेल तसं हे प्रमाण घसरतं. दमट पहाटे बाहेरच्या कॉइलवर हिम धरतं, आणि ते वितळवायला मशीन काही मिनिटं उलटं चालतं. तेव्हा ऊब थांबते, गॅसची दिशा उलटवणाऱ्या फोर-वे व्हॉल्व्हचा फस्स आवाज येतो आणि आउटडोअरमधून वाफ निघते. पहिल्यांदा आई ओरडली, ‘अगं, बाहेरच्या मशीनमधून धूर येतोय!’ धूर नव्हता, वाफ होती. पण वितळलेलं पाणी खाली टपकतं, त्याची सोय आधीच करून घ्या. हीटिंगवर इनडोअरच्या हवेच्या झडपा खाली वळवा, गरम हवा वर जाते. सेन्सरही उंचावरच्या इनडोअरमध्ये असल्याने खोली पुरती उबदार होण्याआधीच मशीन मंदावतं. आम्ही २२ ऐवजी २४ लावतो. ही मात्र मशीनचीच उणीव, आणि ती मला खटकते.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुते. पाण्याची धार मागच्या बाजूने सोडायची, म्हणजे धूळ जाळीत आणखी न रुतता बाहेर पडते. वाळवायचा सावलीत. सहाव्या महिन्यात इनडोअरमधून भिंतीवर पाण्याचा ओघळ आला. ड्रेन पाइपात शेवाळासारखा बुळबुळीत थर जमला होता, फुंकर मारल्यावर गोळाच बाहेर पडला. आउटडोअर धुताना एका मुलाने जेट पंप जवळून मारला आणि तळहाताएवढ्या भागातल्या फिन (कॉइलवरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) आडव्या झाल्या. फिनच्या कंगव्याने एकेक ओळ सरळ करायला माझी दुपार गेली. आता मी साधा पाइपच वापरू देते, तोही समोर उभी राहून.

पुढच्या महिन्यात आमच्या खोलीतला एसी बदलायचाय. तोच मॉडेल घेतेय. त्याच मेकॅनिक काकांना फोन केला तर म्हणाले, ‘पंप, नायट्रोजन, वजनकाटा सगळं घेऊन येतो, पण अख्खा दिवस लागेल.’ म्हटलं, लागू दे.