रोल, पॉप की शॉर्ट रोल? सेंटरला पिक-अँड-रोलमध्ये आणताना

आपल्या बास्केटबॉल संघात एक सहा फूट चार इंचांचा मुलगा आहे. तो सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू. तो स्क्रीन लावतो, म्हणजे गार्डला धरणाऱ्याच्या वाटेत उभा राहतो, बॉल घेऊन येणारा गार्ड त्याच्या खांद्याला घासून निघतो, थांबून शॉट मारतो, आणि हा रिबाउंडसाठी धावतो. चाळीस मिनिटांत बॉल त्याच्या हातात येतो तो बहुतेक वेळा बास्केट खाल्ल्यावर बेसलाइनवरून आत टाकायला. स्क्रीन लावून पुढे हालचाल करण्याची ही चाल म्हणजे पिक-अँड-रोल. त्यात त्याला आणायचं ठरवलं असेल, तर आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: स्क्रीन लावून झाल्यावर त्याने जायचं कुठे?

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो तो सरळ रोल. म्हणजे स्क्रीन लावायचा, वळायचं, आपल्या डिफेंडरला पाठीवर घ्यायचं आणि हात वर करून रिंगकडे धावायचं. रूडी गोबेअरने यूटा जॅझकडून 2018-19च्या मोसमात 306 डंक (बॉल वरून थेट रिंगमध्ये कोंबणं) मारले, तेव्हाचा तो विक्रम होता. त्यातले बरेचसे याच धावण्यातून आले. स्वतः ड्रिबल करून काही घडवणारा हा खेळाडू नव्हे. तो वेळेवर पोहोचतो आणि हातात आलेला बॉल सोडत नाही. बॉल मिळाला नाही तरी त्याच्या धावण्याने कोपऱ्यातला डिफेंडर आत ओढला जातो आणि तिथला शूटर मोकळा होतो.

पण हे एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं चित्र आहे. तिथे बचाव करणारा खेळाडू कोणालाही न धरता पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत, तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू शकत नाही. आपण खेळतो त्या फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत तीन सेकंदांचं बंधन फक्त हल्ला करणाऱ्यांना आहे. समोरच्या संघाचा उंच खेळाडू रिंगखाली ठाण मांडून बसला तरी रेफरी काही म्हणणार नाही. त्यातून आपल्या गार्डांचा लॉब पास, म्हणजे डोक्यांवरून उंच टाकलेला! निम्मे बोर्डाच्या मागे जातात. सरळ रोल शिकवा जरूर, पण त्याच्यावर अख्खा हल्ला उभारू नका.

दुसरा पर्याय पॉप. स्क्रीननंतर आत न जाता बाहेर सरकायचं आणि शॉट घ्यायचा. डिफेन्सचा सेंटर मागे रिंगपाशी थांबत असेल, म्हणजे ड्रॉप खेळत असेल, तर याच्यासारखं औषध नाही. एनबीएतला सेंटर ब्रूक लोपेझ याने पहिल्या आठ मोसमांत मिळून तीन थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट, टाकले होते. 2016-17च्या एका मोसमात ब्रुकलिनकडून 134. त्यामुळे उंच खेळाडूला उशिरा शूटिंग शिकवता येत नाही, असं मी म्हणणार नाही. मात्र लोपेझचा मध्यम अंतराचा शॉट आणि फ्री थ्रो आधीपासूनच चांगले होते. तुमच्या मुलाचे फ्री थ्रो निम्मेही पडत नसतील, तर तीन गुणांच्या रेषेवर, 6.75 मीटरवर, त्याला कोणी धरायलाच येणार नाही, आणि रिंगखाली रिबाउंडला आपलाही कोणी नसेल.

तिसरा शॉर्ट रोल. माझं मत याच्या बाजूने आहे, आणि कारण साधं आहे: कॉलेज आणि क्लबच्या सामन्यांत आपला एकच गार्ड चालतो आहे हे दिसलं की समोरचे दोघं मिळून त्याला घेरतात, म्हणजे त्याच्यावर ट्रॅप लावतात. अशा वेळी सेंटरने रिंगपर्यंत न धावता फ्री थ्रो लाइनच्या आसपास थांबायचं आणि पास घ्यायचा. दोघं गार्डपाशी अडकले, म्हणजे पुढे चार विरुद्ध तीन. गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीवर ट्रॅप लागला की त्याचा सहकारी ड्रेमंड ग्रीन हेच करायचा. 2015च्या एनबीएच्या अंतिम मालिकेत क्लीव्हलंड 2-1ने पुढे असताना गोल्डन स्टेटने चौथ्या सामन्यात नेहमीचा सेंटर अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचातून काढून ग्रीनला सेंटरला खेळवलं आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले. ग्रीनची उंची सहा फूट सहा इंच. एनबीएतल्या सेंटरांत बुटकाच.

इथे लागते ती नजर. मी एका मुलाला हे शिकवत होतो, तेव्हा तो पास घेतल्या घेतल्या बॉल खाली आपटायचा आणि कोणीतरी गुडघ्याजवळून तो काढून घ्यायचं. शेवटी ड्रिबलच बंद केला. दोन्ही पायांवर एकदम उतरायचं, बॉल हनुवटीखाली धरायचा, आधी रिंग बघायची, मग पलीकडचा कोपरा, मग बेसलाइनवरचा आपला माणूस. रिंगसमोर कोणी आलं नाही तर स्वतःच शॉट, आलं तर ज्याला सोडून तो आला त्याला पास. पहिले काही दिवस बॉल प्रेक्षकांतच जायचा. पण तो रिंगकडे बघायला लागल्यावर डिफेंडरही गोंधळायला लागले.

चौथा मार्ग म्हणजे बॉल आधीच सेंटरच्या हातात देणं. 2023च्या अंतिम मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात डेन्व्हरच्या जमाल मरेने 34 आणि निकोला योकिचने 32 गुण केले, दोघांचाही ट्रिपल-डबल, म्हणजे गुण, रिबाउंड आणि असिस्ट तिन्ही दहा किंवा जास्त. ते बघून तशीच नक्कल करायची हौस येते. करू नका. त्यातला हँड-ऑफ तेवढा उचला: सेंटर टॉपला, म्हणजे रिंगच्या समोर तीन गुणांच्या रेषेपाशी, बॉल घेऊन उभा, गार्ड धावत येऊन त्याच्या हातातून तो घेतो, आणि सेंटरचं शरीरच स्क्रीन होतं. 2022-23मध्ये सॅक्रॅमेंटोने डोमांटास सबोनिसच्या हँड-ऑफभोवती हल्ला बांधला आणि 16 मोसमांनी प्लेऑफ गाठला. गार्डचा ड्रिबल कच्चा असेल तर हा मार्ग स्वस्तात पडतो.

निवड करताना उंची मोजत बसू नका. मुलाला धावता धावता दहा पास द्या, पाच छातीवर आणि पाच गुडघ्यावर. निम्मे सुटले तर रोल आणि शॉर्ट रोल दोन्ही तूर्त बाजूला, हँड-ऑफपासून सुरुवात. हात बरे असतील तर शॉर्ट रोल. पॉप फक्त शूटरला.

गार्डलाही बसवून सांगावं लागेल, कारण सेंटर मोकळा होतो तेव्हा पुष्कळदा गार्ड खाली मान घालून ड्रिबल करत असतो. दोन डिफेंडरांच्या मधून एका हाताने टाकलेला बाउन्स पास त्याला रोज पंधरा मिनिटं करायला लावा. आणि स्क्रीन लावताना सेंटरचे पाय थांबलेले हवेत. हलत्या स्क्रीनचे दोन फाउल पहिल्याच क्वार्टरमध्ये लागले तर बाद होण्याआधीच्या पाचातले उरतात तीन, आणि मग तो पुन्हा बेंचवर बसून सामना बघतो.