प्लिकर्सची कार्डं, आठ महिन्यांनंतर: लॅमिनेशन करू नका

प्लिकर्स म्हणजे वर्गात क्विझ घ्यायचं अ‍ॅप: प्रत्येक मुलाकडे काळी आकृती छापलेलं कागदी कार्ड, मुलं ते उंच धरतात आणि शिक्षकाचा मोबाइल कॅमेऱ्यानं सगळ्यांची उत्तरं वाचतो. बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल, पण या कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका. मी ६३ च्या ६३ कार्डांना केलं. कार्डामागे १२ रुपये, एकूण ७५६. पावती कच्ची म्हणून कॉलेजनं पैसे दिले नाहीत. वर ट्यूबलाइटखाली कार्ड धरलं की पांढरा चट्टा उठतो आणि मोबाइलला काळी आकृती दिसतच नाही. झेरॉक्सवाल्याशी भांडायला गेलो तर म्हणतो, "सर, चकाकी यावी म्हणूनच तर लोक करतात."

मी याकडे वळलो ते नाइलाजानं. आधी मुलांच्या मोबाइलवर क्विझ घ्यायचो. आमचा वर्ग तळमजल्यावर, रेंजची बोंब. दहा मिनिटं लॉगिनमध्ये जायची, शिवाय निम्म्यांचा रोजचा डेटा सकाळीच संपलेला. इथे मुलांच्या हातात नुसता कागद. आपलं उत्तर वर येईल असं कार्ड धरायचं, नेट काय ते माझ्या एकट्याच्या मोबाइलला. तेवढ्यासाठी मी खिडकीला चिकटून उभा राहतो.

जुलैत एफ.वाय.ला विचारलं: चेंडू सरळ वर फेकला, तर सर्वांत वरच्या बिंदूला त्याचं त्वरण किती? आदल्याच तासाला फळ्यावर शिकवलं होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. ५२ पैकी ३७ जणांचं उत्तर, शून्य! वीस वर्षं मी या मानांवर विसंबून पुढचा धडा घेत आलोय.

उत्तर न सांगता म्हटलं, शेजाऱ्याशी भांडा. ही युक्ती माझी नव्हे. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात हेच केलं: प्रश्न, मत, आपसात चर्चा, पुन्हा मत. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तावातावानं म्हणाली, "अरे, वेग शून्य होतो. त्वरणही शून्य असतं तर चेंडू वरच लटकला असता की!" दुसऱ्या फेरीत शून्यवाले ११ उरले, मी तोंडही उघडलं नव्हतं.

दिवाळीनंतरची भर: सगळं खापर लॅमिनेशनवर फोडलं ते थोडं मागे घेतो. मुलं बोटांनी आकृती झाकतात, त्यानंही कार्ड वाचलं जात नाही. आता कडेला धरायला लावतो. आणि चकाकीवर उपाय सापडला. हार्डवेअरच्या दुकानातून १५ रुपयांचा झिरो नंबर पॉलिश पेपर आणला, एका रविवारी ६३ कार्डं घासली. बायको म्हणाली, पीएचडी यासाठीच केली होती का. कार्डं धुरकट झाली, पण मोबाइल झटकन वाचतो. ७५६ रुपयांची चकाकी १५ रुपयांत उतरवली.

पट ७१ आणि कार्डं ६३ च, ही अडचण अजून तरी आली नाही. एकाच दिवशी ६३ च्या वर मुलं कधी आलीच नाहीत.

कार्डावर नंबर असतो, म्हणून हजेरीही त्यावरच घ्यायला लागलो. गेल्या आठवड्यात मागच्या बाकावर एकाच्या दोन्ही हातांत कार्डं. एक त्याचं, एक गैरहजर मित्राचं. मित्राचं उत्तर बरोबर निघालं, याचं चुकलं.