नौपाड्यातील वाचा-उपचार केंद्र : आठ महिन्यांचा अनुभव

मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला तरी त्याच्या तोंडी जेमतेम सहा शब्द होते. त्याचे बाबाही तीन वर्षांनी बोलू लागले, असे सांगून घरची वडीलधारी मंडळी धीर देत होती. परंतु दोन वर्षांच्या सुमारास साधारण 50 शब्द आणि ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते, हे बालरोगतज्ज्ञांनी समजावल्यावर आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातील या लहानशा केंद्रात गेलो.

तेथील वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी उपचार लगेच सुरू न करता आधी श्रवणतपासणी करून आणायला सांगितले. हाक मारली की मूल वळून पाहते, म्हणजे त्याला सगळे ऐकू येते, ही आमची समजूत अपुरी होती. मध्यकर्णात पाणी साचले तरी शब्द अस्पष्ट ऐकू येऊ शकतात. मूल झोपलेले असताना बेरा चाचणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते पाहणारी तपासणी) झाली आणि ऐकणे व्यवस्थित असल्याचे कळले.

यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला घरी मराठी बंद करून केवळ इंग्रजीत बोलण्याचा सल्ला मिळाला होता आणि त्यामुळे त्याच्या आजीने नातवाशी बोलणेच कमी केले होते, याचे मला आजही वाईट वाटते. दोन भाषा कानावर पडल्यामुळे वाचाविकासाला अडथळा येत नाही, हे येथील बाईंनी आजींना समोर बसवून सांगितले.

मला सर्वांत मोलाची वाटली ती येथील पद्धत. पालकांना बाहेर ताटकळत न ठेवता आतच बसवतात. कुरमुऱ्यांची बरणी घट्ट झाकण लावून मुलाच्या हाती द्यायची आणि तो ‘उघड’ म्हणेपर्यंत, निदान तसा प्रयत्न करेपर्यंत, आपण शांतपणे थांबायचे. हे थांबणे आम्हाला शिकावे लागले, कारण त्याने बोट दाखवताच वस्तू देण्याची सवय आमचीच होती. जेवताना मोबाइल दाखवणेही तेव्हापासून बंद झाले. आता तलावपाळीवर गेलो की तो ‘बाबा, होडी आली’ असे म्हणतो.

उणिवाही आहेत. 45 मिनिटांच्या सत्राचे 800 रुपये आठवड्यातून दोनदा देणे जड जाते, संध्याकाळची वेळ मिळायला आम्हाला महिनाभर थांबावे लागले आणि प्रगतीची लेखी नोंद मागितल्याशिवाय मिळत नाही. वाचा-उपचारतज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचे नोंदणीपत्र मात्र भिंतीवर लावलेले आहे. कोणत्याही केंद्रात पैसे भरण्यापूर्वी पालकांनी ते अवश्य पाहावे.