ओटीजीत कणीस: स्वीट कॉर्न पास, देशी मका नापास

आमची शेगडी काचेची. तिच्यावर जाळी ठेवून कणीस भाजलं की दाणे फुटून उडतात, जळके केस बर्नरच्या भोकांत जाऊन बसतात, आणि सूनबाई तोंडाने काही बोलत नाही पण फडकं जोरात आपटते. तेव्हा तिनेच केकसाठी आणलेला २८ लिटरचा, १५०० वॅटचा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, मी यंदा पावसाळ्यात कणसांना लावला. हे परीक्षण तेवढ्याच कामापुरतं. केकचं तिला विचारा.

स्वीट कॉर्न यात झकास होतं. बाहेरची वाळकी पानं काढायची, शेंड्याचे केस आणि लोंबणारी पानं कात्रीने उडवायची. हे टाळू नका, वरच्या लाल सळईला सुकं पान टेकलं तर पेटतं. बाकी कणीस पानांसकटच. ओव्हन २०० अंशांवर दहा मिनिटं तापवून कणसं मधल्या जाळीवर आडवी, दोन्ही सळया चालू. अर्ध्या तासात पानं बदामी होतात आणि कणीस आत स्वतःच्याच वाफेवर शिजतं. दाणा टपोरा राहतो, दातांखाली रस सुटतो. पाण्यात उकडताना गोडवा थोडा पाण्यात उतरतो, ते इथे नाही. शिवाय केसांची कटकट संपते! फडक्यात धरून पानं मागे ओढली की बहुतेक केस पानांबरोबरच निघून येतात. माझ्यासारख्या चष्मेवालीला एवढ्यासाठीच ओटीजी आवडला.

अर्थात हे वाफवलेलं झालं, भाजलेलं नव्हे. काळे डाग हवेत तर सोललेल्या कणसाला तुपाचा हात लावून २३० अंशांवर, फक्त वरची सळई चालू ठेवून, वरच्या जाळीवर आठ-दहा मिनिटं. इथे यंत्राचा दोष कळतो. आमचा ओटीजी मागच्या बाजूला जास्त तापतो, म्हणून एक टोक काळं आणि दाराकडचं पिवळंधमक. चिमट्याने टोकं उलटसुलट करावी लागतात, आणि दार उघडलं की उष्णता भसकन बाहेर. वर नुसता टायमर, आतला दिवा नाहीच. काचेला नाक लावून बघायचं म्हटलं तर काच चटका देते.

देशी पांढऱ्या मक्याचं मात्र नाव काढू नका. त्यात साखर कमी, पिठूळपणा जास्त. निखाऱ्यांची धग शेकडो अंशांची, तिच्यात दाण्याची साल दोन-चार मिनिटांत करपते आणि आतला ओलावा तसाच राहतो. ओव्हनची गरम हवा सावकाश काम करते, तोवर दाणा आतून सुकून बसतो. रंग येईपर्यंत थांबलं तर दाणे फुटाण्यासारखे कडक, आधी काढलं तर पिठूळ. पानांसकट अर्धा तास पाण्यात भिजवूनही बघितलं; थोडं मऊ पडलं, पण चव नाही ती नाहीच. निखाऱ्यावर जो धूर उठतो तो या पेटीत कुठून येणार? ते कणीस खडकवासल्याच्या चौपाटीवर, गाडीवाल्याने विंझणा हलवत भाजलेलंच खावं. चिकातलं निवडून मागायचं, नखाने दाणा दाबून पांढरा चीक दिसला की तेच.

विजेचं सांगायचं तर तापवण्यासकट चाळीस मिनिटांना फार तर एक युनिट, ओव्हन पुरेसा तापला की थर्मोस्टॅट मध्ये मध्ये सळया बंद करतो म्हणून त्याहूनही कमीच. तरी एका कणसासाठी लावू नका. आमच्यात चार आडवी नीट मावतात, पाचवं कोंबलं की मधली कच्ची राहतात. लिंबू-मीठ-तिखट बाहेर काढल्यावरच चोळा. आत असताना तिखट टाकलंत तर ते करपून घरभर ठसका लागतो, आणि सूनबाईचं फडकं पुन्हा आपटतं.